रोजच्या ताटातलं काय चयापचयाला खरंच आधार देतं? माझा अनुभव आणि तुमच्याकडून माहिती हवी आहे

रानमेथी | १० जानेवारी, रात्री ९:४२

मंडळी, दिवाळीनंतर केलेल्या तपासणीत माझं एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वय ४४, वजन ५८ किलो. घरात मधुमेह आहे (आई, मोठा मामा), तरी मला धक्का बसला. कारण मी जाड नाही. "तू तर बारीक, तुला कसली साखर" असंच आजवर सगळे म्हणत आले. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. तीन महिने खाणं आणि चालणं सुधारा, मग पुन्हा बघू, म्हणाले.

त्या घाबरलेल्या अवस्थेत एका ओळखीच्या बाईंकडून 'चयापचय वाढवणारी' पावडर घेतली. महिन्याला तीन हजार रुपये. तिसऱ्या आठवड्यात छातीत धडधड आणि झोप गायब. बंद केली. पैशांपेक्षा वाईट याचं वाटलं, की आईने आयुष्यभर रांधलेलं अन्न बाजूला ठेवून मी डब्यातल्या भुकटीवर विश्वास ठेवला.

मग शांतपणे वाचायला बसले. पहिली गोष्ट कळली ती आपल्या पुण्यातलीच. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्याकडची माणसं दिसायला बारीक, पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी. माझं नेमकं हेच असणार.

दुसरी गोष्ट. "चाळिशी ओलांडली की चयापचय मंदावतं" हे मी स्वतः दहा जणींना सांगितलं असेल. २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांचा अभ्यास आला. शरीराचं आकारमान धरून हिशेब केला तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर राहतो. साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे वयाकडे बोट दाखवायला मला अजून सोळा वर्षं आहेत. चाळिशीत बदललं ते माझं बसणं आणि माझं ताट.

सध्या मी केलेले बदल असे: दुपारी पोळीऐवजी ज्वारीची दीड भाकरी. वरण पातळ होतं ते घट्ट केलं. रोज एक उसळ, मटकी किंवा हुलगा (कुळीथ). जेवायला बसल्यावर आधी कोशिंबीर आणि पालेभाजीचे चार घास, भाकरी त्यानंतर. संध्याकाळच्या चहाबरोबरची खारी बंद, तिथे मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. रात्री एक चमचा मेथीदाणे भिजवून सकाळी चावून खाते.

आता प्रश्न. यातलं खरं उपयोगी काय आणि नुसती समजूत कुठली? तुमच्या घरांत काय चालतं? महागडं, परदेशी काही नको. मंडईत आणि किराण्याच्या दुकानात मिळेल तेच सांगा.

---

चाफेकळी | १० जानेवारी, रात्री १०:१५

वाचतेय. माझं ५.९ आहे, तेही ३८ व्या वर्षी.

---

पाटावरवंटा | ११ जानेवारी, सकाळी ७:०५

ताई, पोळी का सोडली? ज्वारीचं कौतुक मलाही आहे, पण आकडे पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. १०० ग्रॅम ज्वारीत तंतू (फायबर) १०.२ ग्रॅम. न चाळलेल्या गव्हाच्या पिठात ११.४. प्रथिनंही जवळपास सारखी, दोन्हीकडे १० च्या आसपास. खरा फरक पांढऱ्या तांदळाशी आहे, तिथे तंतू जेमतेम २.८.

गहू वाईट नाही. आपण तो चाळून, त्यातला कोंडा गाईला घालून, मऊसूत पोळ्या करतो ते वाईट. विकतच्या पिठात तर किती कोंडा उरलाय ते डोळ्यांना दिसतही नाही. मी गहू चक्कीवर जाडसर दळून आणते आणि चाळणी कपाटात ठेवलीय. पोळी थोडी खरबरीत होते. पंधरा दिवस कुरकुर झाली, आता कुणी विचारत नाही.

---

रानमेथी | ११ जानेवारी, सकाळी ८:३०

पाटावरवंटा, हे माहीत नव्हतं! धन्यवाद. पण भाकरीचा मला एक फायदा जाणवला. दीड भाकरीत पोट भरतं, पोळ्या मात्र चार कधी होतात कळत नाही. भाकरी चावावी लागते, भराभर जेवताच येत नाही.

---

कोरडवाहू | ११ जानेवारी, दुपारी १:२०

मी मंगळवेढ्याकडचा. आमच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून दोन शब्द.

आमच्याकडं मालदांडी पेरतात. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं जुनं वाण, एम ३५-१. पावसाळा सरता सरता काळ्या रानात पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर काढायची, पुन्हा पाणी नाही. दाणा मोत्यासारखा, भाकरी पांढरी आणि गोड. सध्या हुरड्याचे दिवस आहेत, शेतावर आलात तर शेण्यांच्या आरात भाजलेला हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी पुढ्यात येईल.

आमच्या वडलांच्या पिढीनं १९७२ चा दुष्काळ बघितला. तेव्हा रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, ती नरड्याखाली उतरायची नाही. पुढं रेशनला गहू-तांदूळ आले आणि ज्वारीच्या घरातसुद्धा ज्वारी पाहुण्यासारखी झाली. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा भाषणं पुष्कळ झाली. पण शेतकरी ज्वारी सोडतोय त्याचं कारण वेगळं. ज्वारीची धाटं हातानं उपटायची, कणसं खुडायची, आणि त्याला आता माणूस मिळत नाही. खाणारे वाढले तर पेरणारे टिकतील, एवढंच सांगायचं होतं.

ताईंनी हुलग्याचं नाव घेतलं ते बरं वाटलं. आमच्याकडं त्याला बैलाचं खाणं म्हणून हिणवत्यात. तुरीच्या डाळीइतकी प्रथिनं आहेत त्यात.

---

स्टेथो | ११ जानेवारी, रात्री ८:५०

मी फिजिशियन होतो, आता निवृत्त. चर्चा चांगली चाललीय म्हणून सविस्तर लिहितो.

चयापचय म्हणजे नेमकं काय, ते आधी. दिवसभरात शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातली साधारण ६० ते ७० टक्के नुसतं जिवंत राहण्यात जाते: हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं. हा खर्च जिरेपाण्याने, लिंबू-मधाने किंवा दालचिनीच्या चहाने जाणवेल इतका वाढत नाही. पावडरींमध्ये धडधड होते ती बहुधा उत्तेजक द्रव्यांमुळे. रानमेथी, तुम्ही ती बंद केलीत ते उत्तम. पुन्हा हात लावू नका.

अन्नाने तीन गोष्टी होतात. पहिली, अन्न पचवायलाच ऊर्जा लागते. प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के ती पचवण्यात खर्ची पडते, पिठूळ पदार्थांची ५ ते १० टक्के आणि तेला-तुपाची जेमतेम ३. दुसरी, प्रथिनं आणि व्यायाम मिळून स्नायू टिकवतात. जेवणातली साखर साठवण्याचं सगळ्यात मोठं कोठार स्नायूच आहेत. 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीय शरीरात नेमकं हे कोठार लहान असतं. तिसरी, तंतू. ते पोटातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. आधी भाजी-उसळ आणि मग भाकरी हा क्रम म्हणूनच योग्य आहे.

मेथीतही हाच विरघळणारा तंतू भरपूर असतो, म्हणून भिजवलेले दाणे बुळबुळीत होतात. हैदराबादच्या पोषण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मधुमेहींवर मेथीचे प्रयोग केले, पण ते २५ ग्रॅम आणि त्याहून मोठ्या प्रमाणात. तुमचा एक चमचा ४-५ ग्रॅमचा. खा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, रक्त पातळ करणारी औषधं असतील, तर मेथी किंवा कारल्याचा रस सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. साखर एकदम खाली गेल्याने चक्कर येऊन पडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आणखी दोन सूचना. वजनकाट्यापेक्षा पोटाचा घेर मोजा. आपल्या लोकांसाठी स्त्रियांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. आणि हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ तपासा. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या ॲनिमियात एचबीएवनसी उगाच जास्त दिसू शकतं. बायकांच्या बाबतीत हे पाहिलंच पाहिजे.

---

चाफेकळी | ११ जानेवारी, रात्री ९:१०

स्टेथोकाका, साखरेऐवजी गूळ घातला तर?

---

स्टेथो | ११ जानेवारी, रात्री ९:१४

रक्तासाठी दोन्ही साखरच. चव आवडते म्हणून थोडा खा, औषध म्हणून नको. आणि दालचिनी रोज चमचाभर घेणाऱ्यांसाठी: बाजारातली जाड सालीची बहुतेक कॅसिया असते, तिच्यातलं कुमारिन जास्त प्रमाणात यकृताला त्रास देतं. भातात एक तुकडा टाकता तेवढी ठीक.

---

माडाचीसावली | १२ जानेवारी, सकाळी १०:३५

मी फोंड्याची. २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेह पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. देशाचं ११.४. त्या रात्री मी झोपले नाही. दर चार माणसांत एक! मग आमच्या वाड्यातली घरं मोजली आणि आकडा खरा वाटला.

आमच्या घरी आजीच्या काळात सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज व्हायची. लाल, जाड तांदूळ. भात तुसासकट उकडून वाळवतात, तेव्हा कोंड्यातलं बी-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत उतरतं, मग सडला तरी सगळं जात नाही. पेजेबरोबर खारातली कैरी किंवा सुक्या मासळीचं किसमूर. पुढे पेज गेली आणि तिच्या जागी बेकरीचे पाव आले. पाव मलाही आवडतात, पोदेराची (पाववाल्याची) सायकल वाजली की अजून जीव हलतो. पण दिवसातून दोनदा मैदा ही आमची सवय आमच्या आज्यांची नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मी पेज परत आणली. जेवणात बांगडा किंवा तारले, फार तेल न घालता हुमण (माशाची आमटी). स्वस्तातली प्रथिनं, ओमेगा-३ आणि बी-१२ तिन्ही त्या माशांत आहेत. सुरमईच्या मागे लागायची गरज नाही. नाचणीची आंबील उन्हाळ्यात रोज. तिजाण (नाचणीची गोड खीर) मात्र गूळ-नारळरसामुळे सणापुरतंच ठेवलंय. नाचणीत १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात दहासुद्धा नाही. माझी सासू गुडघ्यांसाठी खाते, मी साखरेसाठी, पातेलं एकच.

---

एडिसनकर | १२ जानेवारी, रात्री ११:५५

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे भारतीय दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, पण भाकरी थापताना कडा फाटतात. चार रविवार प्रयत्न केले. आईला व्हिडिओवर दाखवलं तर ती म्हणाली पीठ जुनं आहे. काही उपाय?

---

कोरडवाहू | १३ जानेवारी, सकाळी ६:४०

आई बरोबर सांगत्यात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा धरणारा घटक नसतो आणि पीठ जुनं झालं की जो असतो तोही जातो, त्याला आम्ही पीठ 'विरी गेलं' म्हणतो. उकळतं पाणी घालून झाकून ठेवा दहा मिनिटं, मग गरम आहे तोवर तळहाताच्या टाचेनं जोर लावून मळा. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं. शक्य असेल तर अख्खी ज्वारी आणून तिथंच थोडी थोडी दळा. बाजरीचं पीठ तर आठवडाभराच्या वर ठेवूच नका, त्यातल्या तेलामुळं कडू पडतं.

---

पाटावरवंटा | १३ जानेवारी, सकाळी ११:२०

प्रथिनांचा मुद्दा स्टेथोकाकांनी काढलाच आहे तर मी केलेला हिशेब देते. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम. रानमेथी, तुमच्या ५८ किलोला साधारण ४८ ग्रॅम होतात. दिवसाच्या तीन भाकऱ्या (१५० ग्रॅम पीठ) १५. तीस ग्रॅम डाळीचं घट्ट वरण ६ ते ७. तीस ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ ६. वाटीभर दही ५. मूठभर शेंगदाणे ६. एवढं सगळं नियमाने खाऊन ३८-३९ होतात! शाकाहारी घरात पातळ वरणाचे दोन चमचे भातावर घातले की प्रथिनं झाली अशी समजूत आहे, ती मला फार काळजीची वाटते. आमच्याकडे आता वरणाची वाटी भाताहून मोठी आहे. आठवड्यातून दोनदा पिठलं आणि सकाळी मुगाचे डोसे. अंडी खाणाऱ्यांनी एका अंड्याचे सहा धरावेत.

तेलाचाही हिशेब करून ठेवा. २०२४ च्या पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत २,००० कॅलरींच्या आहाराला दिवसाचं २७ ग्रॅम तेल-तूप आणि ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्यात. चौघांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटर तेल झालं, तूप धरून. आमचा पाच लिटरचा डबा संपायचा. ४०० ग्रॅम भाजी म्हणजे किती ते एकदा वजन करून पाहिलं. मेथीची सबंध जुडी निवडून उरलेला पाला एकट्या माणसासाठी! हे आम्हाला अजून जमलेलं नाही. चाकवत, अंबाडी, करडई, शेवग्याचा पाला, जे स्वस्त मिळेल ते आणते आणि डाळीत ढकलते.

---

चाफेकळी | १३ जानेवारी, दुपारी ३:०२

उपवासाचं काय करता? माझे सोमवार आणि चतुर्थी असतात. साबुदाणा खिचडी खाल्ली की दुपारी डोळे उघडत नाहीत.

---

पाटावरवंटा | १३ जानेवारी, दुपारी ३:४०

साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. खिचडीत जे काही पोषण असतं ते दाण्याच्या कुटाचं. राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, काकडीची दही घालून कोशिंबीर. उपवास मोडत नाही आणि संध्याकाळपर्यंत तरतरी राहते.

---

एडिसनकर | १४ जानेवारी, रात्री १२:३०

शिळा भात किंवा शिळी भाकरी साखरेला चांगली, असं वाचलं. खरं का?

---

स्टेथो | १४ जानेवारी, सकाळी ९:१५

काही अंशी. शिजलेलं पिष्ट थंड झालं की त्याचा थोडा भाग अशा रूपात बदलतो, की आपल्या पाचकरसांना तो फोडता येत नाही. तो तंतूसारखा मोठ्या आतड्यापर्यंत जातो आणि तिथल्या जिवाणूंचं अन्न होतो. पण बदल थोडाच असतो. दोन वाट्या भात शिळा असला म्हणून एक वाटी होत नाही. भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तासाभरात फ्रीजमध्ये गेला पाहिजे.

आणि एक राहिलं होतं. शतपावली. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं की पायांचे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतात. एवढा स्वस्त उपाय मला पस्तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये दुसरा सापडला नाही.

---

रानमेथी | २६ फेब्रुवारी, रात्री ८:२०

धागा वर आणतेय, कारण सांगण्यासारखं आहे.

स्टेथोकाकांनी लिहिल्यावर बी-१२ तपासलं. खूपच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. पुण्यातल्याच अभ्यासात दोनतृतीयांश गरोदर बायकांचं बी-१२ कमी आढळलं होतं हे नंतर वाचलं, आणि माझ्या दोन्ही बाळंतपणांत कुणी तपासलं नव्हतं हेही आठवलं. माझी मुलगी १७ वर्षांची आहे. तिचंही तपासलं, तेही कमी. आम्ही दोघी आता एकाच दिवशी इंजेक्शन घ्यायला जातो. शाकाहारी घरांतल्या बायांनो, कृपा करून हे करून घ्या. ज्वारी-हुलगा कितीही खाल्ला तरी बी-१२ त्यातून मिळत नाही.

एचबीएवनसी ५.८ आलं. ॲनिमिया नव्हता, म्हणजे पहिला आकडाही खरा होता. वजन फक्त दीड किलोने उतरलं, पण घेर ८६ वरून ८२. डॉक्टर म्हणाले असंच चालू द्या, सहा महिन्यांनी पाहू.

काय टिकलं आणि काय नाही ते प्रामाणिकपणे सांगते. घट्ट वरण, उसळ, आधी भाजी आणि रात्रीची शतपावली टिकली. शतपावलीला नवराही येतो, त्या पंधरा मिनिटांत आमचं बोलणं होतं, जे एरवी होत नव्हतं. मेथीदाणे महिनाभराने सुटले. ४०० ग्रॅम भाजी रोज होत नाही, तीनशेच्या आसपास जाते. लग्नसराईत दोनदा जिलबी खाल्ली आणि मनापासून खाल्ली.

कोरडवाहू दादा, तुमच्याकडच्या हुलग्याच्या माडग्याबद्दल आई नेहमी बोलायची, पण तिच्याकडून शिकून घ्यायचं राहून गेलं. कृती द्याल का?

---

चाफेकळी | २६ फेब्रुवारी, रात्री ८:४१

ताई, वाचून डोळे भरून आले. उद्याच बी-१२ ला जाते.

---

एडिसनकर | २७ फेब्रुवारी, पहाटे ४:१०

भाकरी फुगली! आईला फोटो पाठवला. माडग्याच्या कृतीची मीही वाट बघतोय, इथे हुलगा 'हॉर्सग्राम' नावाने मिळतो.

---

कोरडवाहू | २७ फेब्रुवारी, सकाळी ६:२५

ताई, घ्या. हुलगे निवडून मंद आचेवर खमंग भाजायचे, तडतडून वास सुटला पाहिजे. गार झाल्यावर बारीक दळून पीठ डब्यात भरून ठेवा, महिनाभर राहतं. वाटीभर माडग्याला दोन मोठे चमचे पीठ गार पाण्यात कालवून घ्यायचं, गुठळी राहू द्यायची नाही. भांड्यात थोडं तूप, जिरं, ठेचलेला लसूण लाल झाला की दीड वाटी पाणी आणि मीठ. उकळी आली की कालवलेलं पीठ एका हातानं सोडत दुसऱ्या हातानं ढवळत राहा. सात-आठ मिनिटं रटरटू द्या, कच्चा वास गेला की झालं. आमची आजी थंडीत त्यात सुंठेची चिमूट टाकायची. ताक घालायचं असेल तर भांडं चुलीवरून उतरवल्यावर घाला, नाहीतर फुटतं.